पंचचुलीच्या गावात आपला आचारी कशाला?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की आपल्या दैनिकासह सर्वच मराठी वृत्तपत्रांत हिमालयातील सहलींच्या जाहिराती येऊ लागतात. त्यांतल्या बहुतेकींत बर्फ, देवळे आणि तळी यांच्या खालोखाल ठळक अक्षरांत एक आश्वासन असते, ते म्हणजे सोबत महाराष्ट्रीय आचारी असल्याचे आणि रोज घरच्यासारखे जेवण मिळण्याचे. या आश्वासनाबद्दल चार शब्द लिहावेत असे गेल्या ऑक्टोबरपासून माझ्या मनात आहे. त्या महिन्यात मी आणि माझी धाकटी बहीण उत्तराखंडातील मुनस्यारीजवळच्या एका लहान गावात तीन रात्री राहून आलो. तेथील माणसे रोज जे खातात ते त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून खावे, याखेरीज त्या प्रवासाला दुसरा हेतू नव्हता.

आधीच कबूल करते की आचाऱ्याच्या सहलींचा लाभ मीही घेतला आहे. बारा वर्षांपूर्वी अशाच एका सहलीतून नैनिताल, रानीखेत आणि कौसानी पाहिले. सकाळी साडेसहाला वाफाळते पोहे हातात येत, रात्री वरणभात आणि बटाट्याची भाजी असे, आणि कौसानीच्या मुक्कामात तर पुरणपोळीही झाली. थंडीत ते सगळे अतिशय गोड लागले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या आठ दिवसांत अल्मोड्याला बसमधून उतरून घेतलेली बाल मिठाई सोडली तर कुमाऊंतला एकही पदार्थ आमच्या तोंडात गेला नाही. परतल्यावर शिखरांची नावे मला घडाघडा सांगता येत होती, पण त्या शिखरांखाली राहणारी माणसे दुपारी काय जेवतात असे कोणी विचारले असते, तर माझ्याकडे उत्तर नव्हते.

रेल्वे काठगोदामला संपते. तेथून मुनस्यारी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, परंतु डोंगरातले किलोमीटर आपल्या हिशेबात बसत नाहीत. अल्मोड्याला एक मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी थल, बिर्थीचा धबधबा आणि कालामुनीची चढण मागे टाकत आम्ही संध्याकाळी गावात पोहोचलो तेव्हा समोर पंचचुलीची पाचही शिखरे उन्हाच्या शेवटच्या तिरिपेत उभी होती. त्यांतले सर्वांत उंच शिखर ६,९०४ मीटरचे आहे. स्वर्गारोहणाला निघालेल्या पांडवांनी आपला शेवटचा स्वयंपाक येथे पाच चुलींवर केला, अशी तिकडची लोककथा आहे. ज्या पर्वताचे नावच चुलींवरून पडले, त्याच्या पायथ्याशी जाऊन आपण आपलाच स्टोव्ह पेटवावा, यातला विनोद मला त्या संध्याकाळपर्यंत कधी जाणवला नव्हता.

पहिल्या रात्रीचे ताट पाहून मात्र आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मटार-पनीर, फ्लॉवर-बटाटा, गव्हाच्या पोळ्या आणि तळलेला पापड! भाजीसुद्धा बहुधा आमच्यासारखीच हल्द्वानीहून घाट चढून आलेली होती. घरधनीण, जिला आम्ही एव्हाना दीदी म्हणू लागलो होतो, तिला भीत भीत विचारले की भट्ट, गहत, मडुवा असे इकडचे धान्य-कडधान्य काही मिळणार नाही का. ती संकोचाने हसली आणि म्हणाली, "वो तो हमारा खाना है, आप लोग थोड़े ही खाएँगे." आजवर आलेल्या पाहुण्यांनी तिला हेच शिकवले होते. काहींनी स्वतःचे पोहे आणले होते, काहींनी मॅगी मागितली होती, आणि एका मोठ्या गटाने तर तिच्या अंगणात आपला आचारी बसवून तिच्याकडून फक्त पाणी आणि बटाटे घेतले होते. आपले रोजचे अन्न पाहुण्यापुढे ठेवण्याजोगे नाही, अशी तिची समजूत व्हायला आणखी काय लागते?

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दीदीच्या सासूबाईंच्या, म्हणजे सगळे ज्यांना आमा म्हणत त्यांच्या, पाठीमागे स्वयंपाकघरात जाऊन बसलो. भट्ट म्हणजे काळे सोयाबीन. महाराष्ट्रात सोयाबीनखाली लाखो हेक्टर जमीन आहे आणि ते जवळजवळ सगळे तेलाच्या गिरणीत जाते. येथे त्याच जातीचे बारीक काळे दाणे रात्रभर भिजवून, पाट्यावर जाडसर वाटून, लोखंडी कढईत मंद आचेवर तासाहून अधिक काळ ढवळत ठेवतात. त्या दाट, हिरवट काळ्या आमटीला डुबके म्हणतात आणि ती भातावर घेतात. दाणे न वाटता अख्खेच तेलात तडकेपर्यंत परतले, त्यात थोडे पीठ भाजून घातले आणि पाणी ओतून उकळले की त्याच भट्टांची चुडकानी होते, आणि तिची चव डुबक्यांहून इतकी निराळी असते की दोन्हींचे मूळ एक आहे हे सांगावे लागते. मंद आचेला आणि भिजवण्याला तेथे कारणही आहे. सुमारे २,२०० मीटर उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे कडधान्य शिजायला आपल्याकडच्यापेक्षा बराच वेळ घेते. अर्थात आमांचे घर हे काही संग्रहालय नव्हे. डुबक्यांना कढई हवीच, असा त्यांचा आग्रह होता, पण राजमा त्यांनी निःसंकोचपणे कुकरला लावला.

हा राजमा आपल्या बाजारात दिसणाऱ्या गडद लाल राजम्यासारखा नसतो. मुनस्यारीचा फिकट रंगाचा राजमा उंचावरच्या थंड शेतांत पिकतो, लवकर गळतो, पोटाला हलका असतो, आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आम्ही गेलो तेव्हा घराघरांच्या अंगणात त्याच्या शेंगा वाळत पडल्या होत्या आणि बायका काठीने झोडपून दाणे वेगळे करत होत्या. आमांनी तो शिजवताना त्यात गंद्रायणी नावाच्या मुळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा टाकला आणि वरून जम्बूची फोडणी दिली. जम्बू ही कांदा-लसणाच्या कुळातली उंच पर्वतांवरची वनस्पती आहे. वाळवल्यावर ती गवताच्या काड्यांसारखी दिसते आणि तुपात पडली की लसूण आणि हिंग एकत्र परतल्यासारखा वास घरभर सुटतो. दीदीच्या शेताच्या एका कोपऱ्यात तिचे दोन वाफे होते. कुमाऊं-गढवालात ठिकठिकाणी फोडणीला वापरले जाणारे जखियाचे दाणे म्हणजे आपल्या शेतांत पावसाळ्यात तण म्हणून उपटून फेकली जाणारी पिवळी तिळवण, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हते. माहेरी आम्ही ती किती बांधांवर उपटून टाकली असेल, याचा हिशेब नाही.

मला वाटते, मराठी माणसाने हे अन्न टाळावे याचे खरे नवल येथेच आहे. मडुवा म्हणजे आपली नाचणी. गहत म्हणजे आपले कुळीथ. चुआ किंवा रामदाना म्हणजे राजगिरा, आणि झंगोरा दिसायला आपल्या उपवासाच्या भगरीसारखा बारीक असतो. त्याची दुधातली खीर आम्हाला तिसऱ्या दिवशी मिळाली आणि माझ्या बहिणीने ती दोनदा मागून घेतली. मुळा चिरून न घेता पाट्यावर ठेचून केलेल्या रस्सेदार भाजीला तिकडे थेचवानी म्हणतात, आणि हा शब्द कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात कोणी उच्चारला तरी त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. लसूण, मिरची आणि कोथिंबीर मिठाबरोबर वाटून केलेले पिस्यूं लूण आणि मडुव्याची गरम भाकरी आमांनी सकाळी हातावर ठेवली, तेव्हा रत्नागिरीकडच्या माझ्या आजीची न्याहारी कोणीतरी दोन हजार किलोमीटर वर नेऊन ठेवली आहे असे मला वाटले. पहाडी जेवण आपल्याला पचणार नाही, मानवणार नाही, म्हणून जे लोक आचारी बरोबर नेतात, त्यांनी नाचणी आणि कुळीथ सोडून तिखट मसाल्यातले पनीर अधिक पचनी पडते असे समजण्याला काय आधार आहे, हे मला कळत नाही.

भांगाच्या चटणीचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिचे नाव ऐकताच बहिणीने वाटी अलगद माझ्याकडे सरकवली. भाजलेले बी वाटून, त्यात पहाडी लिंबाचा रस आणि मीठ घालून ती करतात. बियांत नशा नसते, चव तीळ आणि अक्रोड यांच्या मधली असते. हे आमांनी तीन वेळा सांगितल्यावर आणि माझ्यावर अर्धा तास काहीही परिणाम न झाल्याचे पाहिल्यावर तिने ती खाल्ली, आणि निघताना बी विकत मिळेल का असे तीच विचारू लागली.

मुनस्यारी हे जोहार खोऱ्याचे दार. येथले शौका व्यापारी १९६२ पर्यंत हिमालयाच्या खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार करत, मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर धान्य आणि गूळ नेत आणि मीठ, लोकर, टाकणखार घेऊन परतत. हिमालयापलीकडे ल्हासापर्यंत पायी जाऊन मोजणी करणारे पंडित नैनसिंह रावत याच खोऱ्यातल्या मिलम गावचे. युद्धानंतर खिंडी बंद झाल्या, व्यापार संपला. पण काही घरांत मीठ आणि लोणी घालून घुसळलेला 'ज्या' नावाचा चहा अजून होतो. आमच्या शेजारच्या घरी तो आम्हाला मिळाला. मला तो आवडला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. चहा म्हणून प्यायला की खारट लागतो. बहिणीचे म्हणणे असे की त्याला सूप समजून प्यावे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपले अन्न पाहुण्यापुढे ठेवायला दीदी संकोचली, त्यामागे केवळ आपल्यासारखे पर्यटक नाहीत. मडुवा हे गरिबाचे, काळे, जाडेभरडे धान्य आणि गहू-तांदूळ हे प्रतिष्ठेचे, अशी उतरंड डोंगरात जुनीच आहे. कुमाऊंत लेसू नावाची एक पोळी करतात. तिच्यात मडुव्याच्या काळ्या पिठाचा गोळा आत आणि गव्हाच्या कणकेचे पांढरे आवरण बाहेर असते. ती चवीला उत्तम लागते, पण काळे आत आणि पांढरे बाहेर ही मांडणी पाहून मला तिच्यात चवीपलीकडचेही काही दिसले. १९९४ च्या आसपास वेगळ्या राज्याच्या आंदोलनात 'कोदा-झंगोरा खाएंगे, उत्तराखंड बनाएंगे' ही घोषणा डोंगराडोंगरांत दुमदुमली. कोदा हे मडुव्याचेच गढवाली नाव. राज्य ९ नोव्हेंबर २००० रोजी झाले, परंतु रेशनच्या स्वस्त गहू-तांदळापुढे कोदा आणि झंगोरा ताटातून मागे सरतच राहिले. अलीकडे वारा थोडा बदलला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, आणि त्याच वर्षी उत्तराखंडातील मडुवा, झंगोरा, गहत, काळे भट्ट यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचे प्रमाणपत्र ही चांगली गोष्ट आहे, पण प्रमाणपत्राने शेतातली रानडुकरे हटत नाहीत आणि उतारावरच्या शेतातून डोक्यावर भारे आणणाऱ्या बाईचे श्रमही कमी होत नाहीत.

येथे थोडे पैशांचे गणित मांडते. २०२४-२५ च्या हंगामासाठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,२९० रुपये होता, म्हणजे किलोला त्रेचाळीस रुपयांहून किंचित कमीच. एका किलो पिठाच्या भाकऱ्या चार-पाच पाहुण्यांच्या एका जेवणाला सहज पुरतात, आणि त्यांच्याबरोबर घरचे तूप, घरचा राजमा, परसातला मुळा पानात पडतो, तेव्हा त्याच किलोचे मोल त्या घरात कितीतरी पटींनी वाढून उतरते. शिवाय ते पैसे बहुतेक वेळा थेट घरातल्या बाईच्या हातात येतात. उलट आचारी, तांदूळ, डाळ आणि मसाले घेऊन गेलेली बस त्या गावाला खोलीचे भाडे आणि उकिरड्याला कचरा, एवढेच देऊन परत येते. मुनस्यारीलगतच्या सरमोली गावात महिलांनी एकत्र येऊन घरगुती निवासाची व्यवस्था उभी केली आणि गावच्या वनपंचायतीच्या जंगलाच्या रक्षणाशी ती जोडून घेतली. २०२३ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने देशातील सर्वोत्तम पर्यटनग्राम म्हणून त्या गावाचा गौरव केला. म्हणजे ही गोष्ट होऊ शकते, झाली आहे.

आणि ती व्हायला हवी, याची निकडही आहे. २०११ च्या जनगणनेत अल्मोडा आणि पौडी गढवाल या दोन डोंगरी जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली दिसली. राज्याच्या पलायन (म्हणजे स्थलांतर) आयोगाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात २०११ नंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाल्याची नोंद आहे. माणसे गेली की शेत पडीक राहते, शेत पडीक राहिले की बियाणे जाते. टिहरी जिल्ह्यात विजय जड़धारी आणि त्यांच्या बीज बचाओ आंदोलनाने एकाच शेतात मडुवा, राजगिरा, राजमा, गहत, भट्ट, तीळ अशी अनेक पिके मिसळून घेण्याची बारहनाजा पद्धत आणि तिची बियाणी कित्येक वर्षे नेटाने जपली आहेत. पण बियाणे केवळ पेटीत जपून टिकत नाही, कोणीतरी ते खावे लागते. चार दिवसांच्या पाहुण्यांनी खाल्ल्याने डोंगर पुन्हा वसेल असा भाबडा दावा मी करणार नाही. मात्र पुढच्या वर्षी भट्ट पेरावेत की नाहीत, हे ठरवताना दीदीच्या घरात आमच्या तीन दिवसांच्या जेवणाची आठवण निघेल, एवढे मला तिच्याशी झालेल्या बोलण्यावरून नक्की वाटते.

सहल-आयोजकांची अडचण मी समजू शकते. चाळीस माणसांच्या गटात कोणाला मधुमेह, कोणाला उपवास, कोणाला कांदा-लसूण वर्ज्य. वयस्कर प्रवाशाचे पोट उंचावर बिघडले तर सगळ्यांची सहल बिघडते, आणि दोष आयोजकावर येतो. आचारी संपूर्ण बंद करा, असे माझे म्हणणे नाही. चाळीस माणसांचे जेवण कोणत्याही एका पहाडी घराने रांधावे, अशी अपेक्षाही चुकीची ठरेल. ऑक्टोबरात त्या बायका दिवसभर कापणीत असतात आणि पाहुणचाराचा भार अखेर त्यांच्याच पाठीवर पडतो. पण चाळीस माणसे आठ घरांत पाच-पाच अशी वाटून एका दुपारी आणि एका रात्री जेवायला बसवणे फारसे अवघड नाही. एवढी दोन जेवणे सोडून बाकी सर्व वेळ आचाऱ्याने खुशाल पोहे करावेत. आयोजकांनी आपल्या जाहिरातीत कोणती शिखरे दिसतील हे जसे छापले जाते, तसे कोणत्या गावातली दोन जेवणे त्या गावच्याच हातची असतील हेही छापावे, आणि आपल्या दैनिकाच्या पर्यटनाच्या पानावर प्रवासवर्णने छापताना लेखकाने तेथे काय खाल्ले हेही जरूर विचारावे, अशी माझी विनंती आहे.

स्वतंत्रपणे जाणाऱ्या वाचकांसाठी दोन गोष्टी लिहून थांबते. रोख पैसे पुरेसे जवळ ठेवावेत, कारण तेथे एटीएम आणि मोबाईलचे नेटवर्क यांचा भरवसा धरता येत नाही. आणि घरच्या यजमानीणबाईंना पोहोचण्याच्या आदल्या दिवशीच दूरध्वनी करून, पनीर नको, घरी जे होते तेच हवे, असे स्पष्ट सांगावे; नाहीतर पहिली रात्र आमच्यासारखी फ्लॉवर-बटाट्यावर जाईल, कारण भट्ट रात्रभर भिजल्याखेरीज त्यांचे डुबके होत नाहीत.

आपली विश्वासू,
एक वाचक